पदवी विद्यापीठाची, दुकान कोणाचे?

बारावीचे वा पदवीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतील दूरध्वनी खणखणू लागतात. पलीकडचा गोड आवाज 'शैक्षणिक समुपदेशक' अशी स्वतःची ओळख करून देतो, एखाद्या नामांकित विद्यापीठाचे नाव घेतो, घरबसल्या मिळणाऱ्या पदवीचे गुणगान करतो आणि शुल्कासाठी सुलभ हप्त्यांचे कर्जही तिथल्या तिथे देऊ करतो. पालकांना वाटते की आपण विद्यापीठाशी बोलत आहोत. प्रत्यक्षात अनेकदा ते एका कंपनीच्या विक्री विभागाशी बोलत असतात. विद्यापीठ त्या संभाषणात असते ते केवळ नावापुरते. विद्यादानाच्या क्षेत्रात शिरलेली ही नवी व्यवस्था समजून घेणे आज प्रत्येक सुजाण कुटुंबासाठी आवश्यक झाले आहे.

ऑनलाइन शिक्षण हवे की नको, हा वाद आता उरलेला नाही. करोनाच्या काळाने तो सक्तीने निकालात काढला. मे २०२० मध्ये 'पीएम ई-विद्या' उपक्रमाची घोषणा करताना केंद्र सरकारने देशातील पहिल्या शंभर विद्यापीठांना ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी नवी नियमावली आणली. मान्यताप्राप्त संस्थेतून या मार्गाने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील उच्च शिक्षणाचे स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. केवळ दगडविटांच्या इमारती बांधून हे उद्दिष्ट गाठता येणार नाही, हे उघड आहे. नोकरी करणारा तरुण, संसार सांभाळून शिकू पाहणारी गृहिणी, जिल्ह्याच्या गावापासून पन्नास मैलांवर राहणारा शेतकऱ्याचा मुलगा यांच्यासाठी हे दार उघडणे न्याय्यच आहे. प्रश्न वेगळा आहे. या दाराचा खर्च कोण उचलतो आणि त्याची किल्ली कोणाच्या हाती राहते?

आपल्या देशाला हा विचार नवा नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. १९८२ मध्ये हैदराबादला देशातील पहिले मुक्त विद्यापीठ उभे राहिले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या मनात त्याची प्रतिमा लोकांच्या विद्यापीठाची होती. शिक्षणापासून तुटलेल्यांपर्यंत विद्यापीठाने स्वतः चालत जावे, अशी त्यामागची धारणा होती. म्हणजे दूरस्थ शिक्षणाचा जन्म आपल्याकडे लोकशिक्षणाच्या भूमिकेतून झाला, विक्रीच्या भूमिकेतून नव्हे. आज पारडे कोणत्या बाजूला झुकत आहे, याची चिंता म्हणूनच वाटते.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. ऑनलाइन शिक्षण स्वस्त असते, हा एक लोकप्रिय गैरसमज आहे. व्याख्यान एकदा चित्रित केले की ते दहा जणांनी पाहिले काय आणि दहा हजारांनी पाहिले काय, खर्च जवळपास तोच, हे खरे. परंतु व्याख्यान म्हणजे शिक्षण नव्हे. विद्यार्थ्याच्या शंकांचे निरसन, त्याचे स्वाध्याय तपासणे, मागे पडणाऱ्याला हात देऊन वर काढणे, परीक्षा निर्दोष घेणे, हा खर्च विद्यार्थिसंख्येबरोबर वाढतच जातो. आयोगाच्या नियमावलीने दर २५० विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक अपेक्षिला आहे. म्हणजे पाच हजार विद्यार्थी घेणाऱ्या विद्यापीठाला प्रत्येक विषयासाठी वीस मार्गदर्शक उभे करावे लागतील. ज्या राज्य विद्यापीठांत मंजूर प्राध्यापकांची पदेच वर्षानुवर्षे रिक्त राहतात, त्यांनी हे वीस जण आणायचे कोठून? त्यातच अभ्यासक्रम तयार करण्याचा, संगणकीय यंत्रणेचा आणि जाहिरातीचा खर्च पहिला विद्यार्थी येण्यापूर्वीच करावा लागतो. आपल्या विद्यापीठांचे उत्पन्न मुख्यतः शासकीय अनुदान, संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्क यांवर अवलंबून. भांडवल म्हणून बाजूला ठेवलेला पैसा जवळजवळ नाहीच. नेमक्या याच पोकळीत खासगी कंपनी शिरते. भांडवल आम्ही घालतो, यंत्रणा आम्ही उभारतो, विद्यार्थी आम्ही आणतो. तुम्ही फक्त नाव द्या आणि पदवी द्या, मिळणाऱ्या शुल्कात आपण वाटेकरी होऊ. अडलेल्या कुलगुरूला हा प्रस्ताव नाकारणे कठीण जाते.

या प्रस्तावाची फळे कशी असतात हे पाहण्यासाठी अमेरिकेकडे पाहावे. तेथे विद्यार्थी आणून देणाऱ्यांना डोईमागे दलाली देण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी घातली होती. मात्र २०११ मध्ये तेथील शिक्षण खात्याने एक पळवाट ठेवली. विद्यार्थी भरती ही इतर सेवांबरोबर एकत्रित दिली जात असेल, तर कंपनीला शुल्कात वाटा घेता येईल, असे मार्गदर्शन खात्याने केले. तेवढ्या एका वाक्याने एक संपूर्ण उद्योग वाढला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार किमान ५५० महाविद्यालये-विद्यापीठे अशा कंपन्यांच्या साहाय्याने किमान २,९०० अभ्यासक्रम चालवीत होती. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाने 'टूयू' या कंपनीशी केलेल्या करारात शुल्काचा सुमारे साठ टक्के वाटा कंपनीकडे जात होता. विद्यार्थिसंख्या कित्येक पटींनी वाढली, ऑनलाइन विद्यार्थ्याकडूनही प्रत्यक्ष वर्गात बसणाऱ्याइतकेच शुल्क घेतले गेले, आणि तरीही तो विभाग आर्थिक संकटात सापडला. ज्या समाजसेवकाच्या व्यवसायात वेतन बेताचेच असते, त्याच्या डोक्यावर मात्र कर्जाचा डोंगर उभा राहिला.

या कथेचा पुढचा अध्याय अधिक बोलका आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विख्यात संस्थांनी २०१२ मध्ये प्रत्येकी तीन कोटी डॉलर देण्याचे ठरवून 'एडएक्स' हा ना-नफा उपक्रम स्थापन केला. मूळचे मंगळुरूचे आणि मद्रास आयआयटीत शिकलेले प्रा. अनंत अगरवाल त्याचे प्रमुख होते. ज्ञान सर्वांना मुक्त करण्याचे ते व्रत होते. अवघ्या नऊ वर्षांत, २०२१ मध्ये, तो उपक्रम याच 'टूयू' कंपनीला ८० कोटी डॉलरना विकला गेला. विक्रीचे पैसे शैक्षणिक कार्यासाठी एका ना-नफा संस्थेकडे गेले, हे मान्य. परंतु लोकहिताचे म्हणून उभारलेले व्यासपीठ बाजारात गेले, हेही तितकेच खरे. आणि जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीने कर्जाच्या ओझ्याखाली दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. काही महिन्यांत तिची पुनर्रचना झाली आणि ती नव्या मालकांच्या हाती गेली. विद्यार्थ्याने ज्या विद्यापीठाच्या भरवशावर प्रवेश घेतला, त्याच्या अभ्यासक्रमाचा गाडा प्रत्यक्षात ओढणारी संस्था न्यायालयाच्या दारात उभी होती. विद्यापीठे शतके टिकतात. कंपन्यांचे ताळेबंद तीन-तीन महिन्यांनी मांडले जातात. या दोन कालगणना एका जोखडाला जुंपल्या की बैल कोणता आणि गाडीवान कोण, हे कळेनासे होते.

याच अमेरिकेत याहून वेगळे उदाहरणही आहे आणि ते दडवून ठेवण्याचे कारण नाही. जॉर्जिया टेक या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली. आरंभी 'युडॅसिटी' ही कंपनी तंत्रसाहाय्यासाठी सोबत होती आणि 'एटी अँड टी'ने वीस लाख डॉलरची देणगी दिली. मात्र प्रवेश, अध्यापन, मूल्यमापन हे सारे विद्यापीठाने आपल्याच हाती ठेवले आणि संपूर्ण पदवीचे शुल्क सुमारे सात हजार डॉलर, म्हणजे प्रत्यक्ष वर्गातील पदवीच्या तुलनेत अत्यल्प, राखले. अध्यापन साहाय्यकांची मोठी फळी उभी केली. त्यात त्याच अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झालेले अनेक विद्यार्थीही आहेत. दहा वर्षांत दहा हजारांहून अधिक जणांनी ही पदवी मिळवली. तंत्रज्ञान तेच, देशही तोच आणि खासगी कंपनीची सोबतही होतीच. फरक एवढाच की एकीकडे विद्यापीठाने कंपनीला कामाला ठेवले, दुसरीकडे कंपनीने विद्यापीठाला.

भारताजवळ तर स्वतःची चांगली सामग्री आहे. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्राच्या निधीतून 'एनपीटीईएल' हा प्रकल्प सुरू केला. त्यातील व्याख्याने कोणालाही विनामूल्य पाहता येतात. २०१४ पासून परीक्षा देऊन प्रमाणपत्रही मिळवता येते आणि त्यासाठी एका विषयाला सुमारे एक हजार रुपये शुल्क पडते. ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते 'स्वयम्' व्यासपीठाचे उद्घाटन झाले. चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वमूल्यमापन अशा चार अंगांनी त्यावरील अभ्यासक्रम बांधलेले असतात. विद्यार्थ्याला एकूण श्रेयांकांपैकी २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'मधून मिळवण्याची मुभा २०१६ च्या नियमांनी दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेण्यात आली. म्हणजे गडचिरोलीच्या महाविद्यालयातील मुलाला मद्रास किंवा मुंबई आयआयटीतील प्राध्यापकाचा विषय शिकून त्याचे श्रेयांक आपल्या पदवीत मिळवता येतात. जनतेच्या पैशातून उभी राहिलेली ही संपदा आहे. तरीही किती विद्यापीठांच्या विद्वत्सभांनी ती मनापासून स्वीकारली? किती महाविद्यालयांत या विद्यार्थ्यांसाठी एखादा प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून नेमला जातो? दारात गंगा आली असता बाटलीबंद पाणी विकत घेण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

नियमांच्या बाबतीतही आपण कोरे नाही. २०२० च्या नियमावलीने फ्रँचायझी पद्धतीला मज्जाव केला आहे. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने जाहीर इशारे देऊन विद्यार्थ्यांना व संस्थांना सावध केले. सत्रान्त परीक्षेस बसण्यासाठी ऑनलाइन उपक्रमांत किमान ७५ टक्के सहभागाची अट आहे. हे सर्व कागदावर चोख आहे. व्यवहारात मात्र 'फ्रँचायझी' हा शब्द कोठेही न वापरता 'तांत्रिक सहकार्य', 'विपणन साहाय्य', 'विद्यार्थी सेवा' अशा नावांनी तोच माल विकता येतो. करार गोपनीय राहतात, शुल्कातील वाटा कोणाला किती हे विद्यार्थ्यालाच काय, अधिसभेच्या सदस्यालाही कळत नाही. जेथे कागद उघडा नाही, तेथे नियम आंधळा होतो.

या आंधळेपणाची किंमत शेवटी विद्यार्थी मोजतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी दिलेला निकाल डोळ्यांत अंजन घालणारा आहे. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना नव्याने परीक्षेला बसावे लागले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. नोकरीत बढती मिळालेल्या, संसार थाटलेल्या माणसांच्या हाती दशकभरानंतर कागदाचा तुकडा उरला. पदव्या वाटणाऱ्यांनी पैसे मोजून घेतले होते आणि नियामक संस्था त्या काळात एकमेकींकडे बोट दाखवीत होत्या.

महाराष्ट्रालाही २०१७ हे वर्ष विसरता येणार नाही. मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिकांची तपासणी एकाच दमात संगणकाच्या पडद्यावर आणण्याचे ठरवले, त्यासाठी बाहेरच्या कंपनीला काम दिले, आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढील प्रवेश हुकलेल्या विद्यार्थ्यांचे नुकसान कोणीच भरून देऊ शकले नाही. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. येथे दोष तंत्रज्ञानाला देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. स्वतःची तयारी नसताना आपले मूळ कर्तव्य कंत्राटावर सोपवले की काय होते, याचा तो धडा होता. परीक्षा आणि अध्यापन हे विद्यापीठाचे प्राण आहेत. ते उसने देता येत नाहीत.

मग पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न उरतोच, आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सर्व खर्च सरकारने करावा असे म्हणून भागत नाही. आपल्या परंपरेने याचे उत्तर फार पूर्वी शोधले होते. नालंदा विद्यापीठाच्या निर्वाहासाठी शंभर गावांचे उत्पन्न लावून दिले होते आणि त्या गावांतून तांदूळ, दूध, लोणी नित्य येत असे, असे ह्युएन त्संगाच्या चरित्रात नमूद आहे. राजा दान देई, गावे भार उचलत आणि विद्यार्थी निश्चिंतपणे अध्ययन करीत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले ते गावोगाव हिंडून, लहानमोठ्या वर्गण्या गोळा करून. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली, मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लागले. पण शिक्षण काय द्यायचे, कोणत्या भाषेत द्यायचे, याचा निर्णय विद्यापीठाकडेच राहिला. दान आणि गुंतवणूक यांतील भेद हाच. दान देणारा नावावर समाधान मानतो. गुंतवणूकदाराला परतावा हवा असतो, आणि तो परतावा विद्यार्थ्याच्या शुल्कातूनच निघतो.

अलीकडचेही एक उदाहरण घरातच आहे. २००१ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने 'एमएस-सीआयटी' हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्यांच्या गावांपर्यंत नेला. केंद्रे स्थानिक तरुणांनी चालवली, शुल्क सामान्यांच्या आवाक्यात ठेवले गेले आणि लाखो लोक संगणकाला सरावले. या रचनेत उणिवा नव्हत्या असे नाही. परंतु शासन, विद्यापीठे आणि स्थानिक उद्योजकता यांना एकत्र बांधून मोठ्या प्रमाणावर अभ्यासक्रम चालवता येतो, परराज्यातील वा परदेशातील भांडवलदाराच्या दारी जावे लागत नाही, एवढे तिने निश्चित सिद्ध केले.

या अनुभवांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, राज्यातील विद्यापीठांनी एकेकट्याने कंपन्यांकडे न जाता एकत्र येऊन सामायिक यंत्रणा उभारावी. चित्रीकरणगृह, संगणकीय व्यासपीठ, परीक्षेची व्यवस्था हे सर्व दहा ठिकाणी दहा वेळा विकत घेण्यात शहाणपण नाही. दुसरी, कंपनीची मदत घ्यायची तर कामाचा मोबदला ठरावीक रकमेत द्यावा. शुल्कात वाटा आणि डोईमागे दलाली यांना थारा नसावा. वाटा दिला की अधिकाधिक प्रवेश हेच ध्येय बनते आणि पात्रता गौण ठरते. तिसरी, प्रत्येक करार आणि शुल्काच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब अधिसभेपुढे व जनतेपुढे खुला असावा. चौथी, ज्या प्राध्यापकाचे व्याख्यान चित्रित होते, त्याच्या श्रमाचे आणि हक्काचे मोल ठरवलेले असावे. एकदा चित्रीकरण झाले की शिक्षकाची गरज संपली, असे समजणारी संस्था विद्यापीठ उरत नाही. पाचवी, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून कायमनिधी उभारावा आणि त्यातून गरजू ऑनलाइन विद्यार्थ्यांना शुल्कसवलत मिळावी. परदेशांत स्थिरावलेल्या मराठी माणसांना मातृसंस्थेचे ऋण फेडण्याची इच्छा असते. त्यांच्यापर्यंत विश्वासाने जाणारे कोणी असावे लागते.

मराठीचाही विचार येथे करावा लागेल. बाजाराच्या हिशेबात अभ्यासक्रम इंग्रजीत असणेच फायद्याचे, कारण ग्राहक देशभर मिळतात. मराठीतून वाणिज्य, अर्थशास्त्र वा विज्ञान शिकू इच्छिणाऱ्यासाठी उत्तम ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणे हे काम विद्यापीठांनीच करावयाचे आहे. ते दुसरे कोणी करणार नाही.

सरकारची आणि विद्यापीठांची जबाबदारी मोठी असली तरी कुटुंबांनीही डोळसपणा दाखवला पाहिजे. प्रवेश घेण्यापूर्वी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचे आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव चालू सत्रासाठी आहे की नाही, हे स्वतः पाहावे. अशा अभ्यासक्रमांसाठी आता विद्यार्थ्याला 'डीईबी-आयडी' काढावा लागतो. तो काढण्याची गरज नाही असे कोणी सांगितले तर तेथेच थांबावे. शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात जाते की दुसऱ्या कोणाच्या, हे विचारावे. अभियांत्रिकी, वैद्यक, विधी यांसारख्या विषयांची पदवी ऑनलाइन देण्यास मान्यता नाही, हे लक्षात ठेवावे. गावागावांत काम करणाऱ्या सेवाभावी कार्यकर्त्यांनी एवढी माहिती जरी दहावी-बारावीच्या मेळाव्यांतून पोहोचवली, तरी कित्येक घरे कर्जाच्या फासातून वाचतील.

विद्या हे दिल्याने वाढणारे धन आहे, असे आपले पूर्वज मानत आले. तंत्रज्ञानाने ते धन क्षणात कोट्यवधींपर्यंत पोहोचवण्याचे सामर्थ्य प्रथमच हाती दिले आहे. एवढे मोठे सामर्थ्य विद्यापीठांनी आळसापायी वा अडचणीपायी भाड्याने देऊन टाकावे, याहून मोठी शोकांतिका नसेल. पदवीच्या कागदावर कुलगुरूंची स्वाक्षरी असते. त्या स्वाक्षरीमागे विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन, स्वतःची परीक्षा आणि स्वतःची जबाबदारी उभी असली पाहिजे. तेवढे जपले, तर ऑनलाइन शिक्षण हे लोकांच्या विद्यापीठाचे खरेखुरे रूप ठरेल; न जपले, तर कागद तेवढा उरेल.